मिरजेचा शेवट

हा सिनेमा परीक्षितला चांगलाच फायद्यात पडणार होता. रेणूला दूरच्या राज्यातल्या ईडन प्रेरी शहरातून मोठ्या हुद्द्याची ऑफर आली होती आणि सोमवारी उत्तर द्यायचं होतं. त्याची नोकरी इथे ट्रॉयमध्ये, म्हणजे ती एकटीच जाणार, अधूनमधून घरी येणार. ‘जाऊ नकोस’ म्हटलं तर तो जुनाट नवरा ठरला असता. तेच एका फ्रेंच बाईनं सबटायटल्समधून सांगितलं, तर त्याच्या अंगावर काही येणार नव्हतं.

गोष्ट त्याला पाठ होती. सिनेमा ज्यावर बेतला होता, ती एकोणिसाव्या शतकातली गाजलेली फ्रेंच कादंबरी त्यानं शाळेत असतानाच वाचली होती. मिरजेच्या एका मास्तरांनी केलेल्या मराठी रूपांतरात. नायिका घर सोडते, परमुलखात जाते, पस्तावते आणि परत येते. तिकिटं बुक करताना तो रेणूला म्हणालाही होता की क्लासिक आहे यार, शेवट तर बघच.

रेणू मन लावून बघत होती. नायिका घोडागाडीत बसली तेव्हा परीक्षित निवांत होता. तिनं बंदराच्या गावात टोप्यांचं दुकान काढलं, तेव्हाही. आता पस्तावेल, असा त्याचा अंदाज. दुकान चाललं. बाईनं वर मोठी खोली घेतली, खिडकी उघडली, उभ्या उभ्या एक नासपती खाल्ली, आणि पडद्यावर नावं सरकू लागली.

लोक उठले. परीक्षित उठेना.

“थांब,” तो म्हणाला, “परत येते ती.”

रेणू थांबली. वाट बघता बघता फोनवर काहीतरी टाइप करत राहिली. नावं संपली, दिवे लागले. सफाईवाली बाई रांगांमधलं पॉपकॉर्न झाडू लागली.

मग परीक्षितनं पुस्तकातला शेवट तोंडीच सांगितला. दिवेलागणीला ती दारात उभी राहते. नवरा एका शब्दानं रागवत नाही. फक्त म्हणतो, हातपाय धू, पान वाढतो.

“फ्रान्समध्ये?” रेणूनं विचारलं.

तेव्हा कुठे परीक्षितच्या डोक्यात उजेड पडला. हातपाय धुणं मास्तरांचं होतं. पानही मास्तरांचंच. बाईचं परत येणंसुद्धा बहुधा मिरजेतच झालं होतं.

“आणि स्वयंपाक कोणी केला होता?”

“ते लिहिलेलं नाही.”

“मग तू शिकून घे,” पर्स उचलत ती म्हणाली. “मी आत्ताच हो कळवलं.”

एकूण जमाखर्च असा, की फ्रेंच बाईला गिऱ्हाईक मिळालं आणि रेणूला हुद्दा. गोड शेवट लिहून मास्तर तर कधीच निघून गेले होते. त्याची किंमत परीक्षितनं चुकती केली. ट्रॉयमध्ये, रोज संध्याकाळी, पोळ्या लाटून.