उचलेल त्याची गाडी

सेल्समनचं पॉवर आणि मायलेजचं पुराण योगेंद्रनं मध्येच थांबवलं. सहा महिने मोबाइलवर बाइकचे व्हिडिओ पाहून त्याचं मत पक्कं झालं होतं.

"ते राहू द्या भाऊ. ॲडव्हेंचर बाइक वावराच्या वाटेनं, पांदणीच्या चिखलात जाणार, अन् पडणार. मंग एकट्यानं उचलता आली पाह्यजे. ज्याले उचलता येते, गाडी त्याची. पाडा इले."

हिंगणघाटच्या त्या शोरूममागच्या अंगणात सेल्समननं देवाचं नाव घेऊन डेमोची गाडी आडवी केली. योगेंद्रनं दात-ओठ खाऊन हँडल ओढलं. गाडी वीतभर उठली आणि परत झोपली. तिसऱ्या खेपेला त्याच्या पॅन्टची शिवण उसवली.

"सरका तिकडे," मंजुषा म्हणाली. सोबत आलेली त्याची बायको दवाखान्यात नर्स आहे, रोज दहा पेशंट उठवून बसवते. तिनं ओढणी कमरेला खोचली, गाडीकडे पाठ केली आणि गुडघ्यात वाकून बूड सीटला टेकवलं. एका हातात हँडल, दुसऱ्यात मागची दांडी धरून ती पायांच्या जोरावर दोन पावलं मागे सरकली. गाडी उभी.

"कंबरेनं नाई, मांड्यानं उचलावं लागते," ती हात झटकत म्हणाली.

सेल्समननं फॉर्म काढला आणि योगेंद्रला सोडून तिच्याकडे पाहिलं. "मॅडम, आधार कार्ड?"

 

मंजुषानं पर्समधून कार्ड काढलं. त्याला चिकटून तिचं लायसन्सही बाहेर आलं, गिअरच्या गाडीचं, मागच्याच महिन्यात काढलेलं.