आखूड पायाचं स्टूल

मला बघायला शेगावहून पाहुणे आले आणि बैठकीतला पंखा नेमका खडखडू लागला. मुलाचे मामा काय विचारतात ते मला ऐकू येईना, म्हणून मामांशेजारी बसलेले बाबाच माझी उत्तरं देत राहिले. शेवटी मी बटण बंद केलं, स्टूल ओढलं आणि पेचकस घेऊन साडीतच वर चढले. "उतर बाई, मिस्तरीले बोलावतो," बाबा म्हणाले. "पात्याचा स्क्रू ढिला झाला. मले जमते." खालून मामा सूचना देऊ लागले. स्टूल डगमगलं, तेव्हा मुलानं निमूट उकिडवं बसून स्टुलाचा आखूड पाय दोन्ही हातांनी धरला. स्क्रू आवळून उतरले, बटण दाबलं. पंखा बिनआवाज फिरू लागला. मामा उठत म्हणाले, "आम्ही घरी जाऊन कळवतो." "मी आत्ताच कळवते," मी म्हणाले. "माह्याकडून होकार आहे." मुलानं रिकामं स्टूल अजून सोडलं नव्हतं.