सहासष्ट पॉइंट खाणारा

"अजून पाच, लुशस! पाच पॉइंट पडले की तू सुटलास बघ!" होशिया न्हाव्याने वस्तरा टीव्हीकडे रोखला आणि दुकानातली सगळी गिऱ्हाइकं खो खो हसली.

लुशस पेटवे अर्ध्या गालाला साबण घेऊन खुर्चीत बसला होता. त्यालाही तेच हवं होतं. पडोत एकदाचे! तरुणपणी तो शहराच्या बास्केटबॉल संघातून चांगली नऊ वर्षं खेळला. त्यातलं लोकांनी लक्षात काय ठेवलं? एक संध्याकाळ. रोलंड बीझलीने त्या संध्याकाळी या संघाविरुद्ध एकट्याने सहासष्ट पॉइंट केले. एवढे कोणीच केले नव्हते. आणि त्याला अडवायचं काम होतं लुशसकडे. बीझलीचा पुतळा उभा राहिला, लुशसच्या वाट्याला टिंगल आली. नवं गिऱ्हाईक आलं की होशिया कंगवा त्याच्याकडे रोखायचा आणि सांगायचा, "सहासष्टच्या वेळी समोर हा होता!" की सगळे हसायला मोकळे. वर्षानुवर्षं तोच विनोद. मेल्याला दुसरा सुचला असता तर न्हावी कशाला झाला असता!

आज पाहुण्या संघाचा कॅव्हियन ब्रूक्स बासष्टवर होता. त्याच्यासमोर लुशसच्याच जुन्या संघाचा ओडम नावाचा तरणाबांड गडी. आता याला खाऊ दे जन्मभर टोमणे, लुशस मनात म्हणाला.

तेवढ्यात ओडमने कोचला हात केला. मला बाहेर घ्या. सरळ जाऊन बाकावर बसला आणि डोक्यावर टॉवेल ओढला. त्याच्या जागी आलेला तर त्याहून शहाणा. ब्रूक्स चेंडू घेऊन आला तसा तो दोन पावलं बाजूलाच सरला. उद्या फोटोत आपलं तोंड नको! ब्रूक्सने आरामात चेंडू जाळीत टाकला. चौसष्ट.

"अरे, अडवा की त्याला!" लुशस अंगावरच्या कापडासकट उठला. "लाज नाही वाटत? करोडोंनी पगार घेता आणि दार उघडून दिल्यासारखे बाजूला काय होता!"

"कोण बोलतंय बघा!" होशिया म्हणाला. "सहासष्ट खाणारे साहेब शिकवायला लागले!"

"खाल्ले ना! समोर उभा राहून खाल्ले! कोच चार वेळा ओरडला, बाहेर ये, शोभा होतेय. नाही गेलो. म्हटलं, त्याला करायचेत ना, मग माझ्या हातावरून करू दे."

होशियाचा वस्तरा हातातच राहिला. "हे कधी बोलला नाहीस रे."

"सहासष्ट खाल्लेल्या माणसाचं कोण ऐकतं?"

टीव्हीवर आरडाओरडा झाला. ब्रूक्सने लांबून चेंडू मारला होता. तीन पॉइंट. सदुसष्ट. जवळपास कोणी फिरकलंही नव्हतं. मग टीव्हीवाल्यांनी बीझलीची ती जुनी शेवटची बास्केट दाखवली. दुकानातल्या प्रत्येकाने ती पाहिली होती, हसण्यासाठीच पाहिली होती. बीझली हवेत उडतो, चेंडू सुटतो. आणि चेंडूच्या खाली, वीतभरावर, लुशसचा ताणलेला हात. दमून थरथरत होता, पण होता.

या वेळी कोणी हसलं नाही. लुशस खाली बसला. होशियाने वाळलेला साबण पुसला आणि गालावर नवा लावला. 'सुटलास' म्हणायचं राहूनच गेलं.

दार ढकलून एक तरुण गिऱ्हाईक आत आलं. "झाला विक्रम? समोर कोण होतं?"

"आज? आज कोणीच नव्हतं," होशिया म्हणाला. मग त्याने कंगवा उचलला आणि लुशसकडे रोखला.

"सहासष्टच्या वेळी समोर हा होता."