झुंबरबाईंच्या गोण्या

जामखेडजवळच्या एका वस्तीवर मी दर शनिवारी बायकांना परसबाग शिकवते. गणपतीपर्यंत सगळ्यांची वांगी फुलावर आली, पण झुंबरबाईंची रोपं तेवढी माना टाकून उभी. त्यांनी ती सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत लावलेली, आणि मी जाईन तेव्हा गोण्या नव्याच जागी. कधी न्हाणीमागं, कधी शेळ्यांपाशी. या शनिवारी तर गोण्या चक्क बैलगाडीत होत्या आणि झुंबरबाई वस्तीला चक्कर मारून परत येत होत्या.

माझं डोकंच फिरलं. "झुंबरबाई, किती वेळा सांगू? रोपाला एका जागी राहू द्या!"

"सवय लावतीय, म्याडम," गाडीतून उतरत त्या म्हणाल्या. "दिवाळी झाली की आमी सा म्हैने ऊसतोडीला. औंदा म्हनलं, ह्यांनाबी संगं न्यावं."

"अहो, तिथं दर पंधरा दिवसांनी नवा फड, पाचटाची नवी कोपी. अशानं जगतील का ही?"

त्यांनी एक गोणी उचलून सावलीत ठेवली.



"आमची लेकरं जगली की."