सामानाची खोकी

फुटबॉल प्रशिक्षकाशी संसार करायचा तर सामान हलवायची खोकी फेकायची नसतात. हंगामात संघ हरला, की शेवटच्या सामन्यानंतरच्या सोमवारी हातात नारळ! टल्सा झालं, टोलेडो झालं, दोन्ही शहरं अशीच सोडली. इथे मात्र आमचा मुलगा ग्रेडीच संघाचा व्यवस्थापक झाला. “आता कोण काढतंय मला? पोटचा पोरगा?” म्हणत नवऱ्यानं सगळी खोकी अंगणात पेटवली, त्यावर सॉसेज भाजले. ग्रेडीनंही हसत दोन खाल्ले. काल शेवटचा सामनाही हरलो. आज सोमवार. सकाळी बर्फातून ग्रेडीची गाडी आली. पोरगा दारात उभा, काखेत घडी केलेली कोरी खोकी. “आई, बाबा उठलेत?” वर नवरा शीळ घालत दाढी करत होता. ग्रेडी पायपुसण्यावर उगाच बूट पुसत राहिला. मी खोकी त्याच्या काखेतून ओढून घेतली. “चिकटपट्टी आणलीयस,” मी विचारलं, “की ती बाबांनाच आणायला पाठवू?”