सीताफळाची टेकडी

"तुमी कुन्या गावच्या, बाई?" होडीत पाय ठेवता ठेवता चांगुणाने बनुबाईला पुन्हा विचारलं.

"तुझ्याच," असं म्हणून बनुबाईने तिचा हात धरला आणि तिला फळीवर नीट बसवलं.

गाव एकच होतं, हे खरंच. फक्त ते आता होडीच्या खाली होतं. धरण झालं तेव्हा दोघी नव्या सुना होत्या, एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन शेजारशेजारच्या घरांत आलेल्या. पाणी चढलं तशी माणसं पांगली. कुणी काष्टीला गेलं, कुणी श्रीगोंद्याकडे. गावामागची सीताफळाची टेकडी तेवढी बुडाली नाही, तिचं बेट झालं. पुढे काष्टीच्या बाजारात गाठ पडली की दोघी ठरवायच्या, औंदा टेकडीवर जायचंच. मग कुणाचं बाळंतपण निघायचं, कुणाचा ऊस तोडणीला यायचा, आणि दसरा उलटून दिवाळी यायची. घर म्हटलं की बाईच्या सहलीला सतरा विघ्नं.

यंदा मात्र राहून चालणार नव्हतं. चांगुणाची आठवण हळूहळू विझत आली होती आणि उद्या तिचा मुलगा रविराज तिला कायमचा पुण्याला नेणार होता. बनुबाईला सगळ्या जगात 'बने' म्हणणारी ही एकच उरली होती. आणि आता ती 'अहो बाई' म्हणत होती. जाण्याआधी तिने एकदा, फक्त एकदा ओळखावं, एवढंच बनुबाईला हवं होतं. त्यासाठीच तिने मासेमारी करणाऱ्या बन्सीची होडी सांगितली होती आणि झुंबरबाईलाही सोबत घेतलं होतं. झुंबरबाई म्हणजे त्याच गावची लेक. जिभेने तिखट, मनाने लोणी.

टेकडीवर बनुबाईने काही करायचं बाकी ठेवलं नाही. झाडावरचं डोळे उघडलेलं सीताफळ हाताने फोडून चांगुणाला दिलं. नागपंचमीच्या फुगडीची आठवण काढली, त्या भरात स्वतःच एक गिरकी घेतली आणि गुडघा धरून मटकन खाली बसली. झुंबरबाई हसून हसून बेजार झाली. चांगुणाही हसली, पण अनोळखी माणसाकडे पाहून हसतात तशी.

शेवटी बनुबाईने सासूचा विषय काढला. सासू हे औषध कुठल्याही बाईला लागू पडतं, असा तिचा विश्वास होता.

"माझी सासू आठवती का गं? नाकावर माशी बसू द्यायची न्हाई. टेकडीवरनं मोळी घिऊन यायचो आपन, अन् गावात शिरताना मला कशाचं म्हनून भान नसायचं. तू दटावायला हुतीस म्हनून नांदले मी."

चांगुणाने शांतपणे ऐकून घेतलं. तळहातावर जमवलेल्या बिया खाली टाकल्या.

"लई ग्वाड हाय वं सीताफळ," ती म्हणाली. "तुमच्या मळ्यातलं का, बाई?"

"आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठनं येनार, बनू?" झुंबरबाई म्हणाली. "सोड आता नाद." बोलून गेली आणि तोंड फिरवून तिने डोळे पुसले.

बनुबाईला राग आला. म्हातारपणाचा आला, पुण्याचा आला, आणि खोटं कशाला बोला, थोडासा चांगुणाचाही आला. बाकी काहीही विसरली असती तरी चाललं असतं, पण मला? पन्नास वर्षं जीव लावला त्याचं हेच का फळ? मग त्या रागाचीच तिला लाज वाटली. तिने राहिलेली सीताफळं पिशवीत भरली.

परतताना वारा मागून होता. बन्सीने इंजिन बंद केलं आणि खताच्या गोण्या शिवून केलेलं शीड चढवलं. "फुकटचं वारं हाय, डिझेल कशाला जाळायचं?" तो म्हणाला. एकदम सगळं शांत झालं. नुसतं फळ्यांना पाणी लागत होतं.

"आपलं गाव नेमकं कुठं रं बन्सी?" झुंबरबाईने विचारलं.

"काय सांगू मावशी? समदीकडं पानीच."

बनुबाईने मान वर केली नाही. वाऱ्याने तिचा पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आला होता, पिकले केस भुरभुरत होते. पदर सावरायचंही तिच्या मनात आलं नाही. उद्या या वेळी चांगुणा कुठल्या तरी उंच इमारतीत बसलेली असेल आणि सुनेला विचारत असेल, तुमी कुन्या गावच्या?

समोर बसलेली चांगुणा अचानक ताठ झाली. तिने मागे वळून टेकडी बघितली. मग पुढे, दोन डोंगरांमधली खिंड बघितली. वाकून पायातल्या चपला काढल्या आणि हातात घेतल्या. पदर कपाळापर्यंत ओढला. आणि उठलीच.

"आज्जी, बसून घ्या! होडी हालतीय!" बन्सी ओरडला.

तिने ऐकलं नाही. चपलांचा हात तसाच पाठीमागे लपवला, दुसरा हात लांब केला, आणि बनुबाईचा घसरलेला पदर हिसका देऊन तिच्या डोक्यावर ओढला. मग तिच्या कानाशी वाकून, हळूच, दटावत म्हणाली,

"पार आला की गं. समदी म्हातारी मानसं बसल्यात. पदर घे, बने."