निळं मेण

नॉर्वेच्या संघात जागा मिळेना, म्हणून सिग्ने तिच्या आईच्या देशाकडून, एस्टोनियाकडून स्कीइंग करायला लागली. तिचा बाप ओड्वार मात्र नॉर्वेच्याच संघाच्या स्की बर्फावर नीट घसराव्यात म्हणून त्यांना मेण लावायचा.

शर्यतीच्या सकाळी ती त्याच्या खोलीच्या दाराशी आली. "बाबा, आज कुठलं लावू?" लहानपणापासून ती हेच विचारायची. दुसऱ्या संघाला सांगणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. ओड्वारने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "निळं लाव, कडक थंडीचं. ऊन पडणार नाही."

ऊन पडलं नाही. नॉर्वेच्या पोरी जिंकल्या. सिग्ने स्कींना चिकटलेला बर्फ ओढत सगळ्यांत शेवटी आली. त्याने तिची स्की उलटी करून पाहिली. लाल मेण, उन्हाने ओलावलेल्या बर्फासाठीचं.

"अगं, निळं सांगितलं होतं ना मी?"



"आमचे लोक म्हणाले, नॉर्वेचा माणूस खरं कशाला सांगेल? मला पटलं, बाबा."